कट्ट्याखालचं झाकण

माझा नवरा गेल्यावर सोसायटीने मला दोन गोष्टी दिल्या: सेक्रेटरीचं पद आणि त्याच्या नावाचा कट्टा.

पद देताना अध्यक्ष म्हणाले होते, वहिनी, तेवढंच मन रमेल. पाण्याच्या, पार्किंगच्या आणि कबुतरांच्या तक्रारींत माणसाचं मन कसं रमतं, हे मी विचारलं नाही. त्या दिवसांत मी काहीच विचारत नसे. पुढ्यात ताट आलं की जेवायचं, कागद आला की सही करायची, असं चाललं होतं. आधीच्या सेक्रेटरींनी दप्तर घरी आणून दिलं तेव्हा त्यांचा चेहरा इतका हलका झाला होता की मला वाटलं, चला, आपल्या वैधव्याचा निदान एकाला तरी फायदा झाला.

कट्ट्याचा थाट मोठा होता. कांजूरमार्गच्या पूर्वेला आमच्या दोन जुन्या इमारती, मध्ये अंगण. अंगणाच्या कोपऱ्यात, माझ्या तळमजल्याच्या खिडकीसमोर, सिमेंटचा एक चौकोनी उंचवटा कित्येक वर्षं होता. तो कशासाठी आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं ते घरं विकून बदलापूरला गेले होते, नाहीतर त्याहून लांब. स्मारकासाठी जागा शोधताना अध्यक्षांची नजर त्या उंचवट्यावर पडली. पाया तयारच आहे, ते म्हणाले, वर फक्त बांधायचं. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला तयार पाया दिसला की राहवत नाही.

वर पांढरा संगमरवर बसवला. पाठीला काळा ग्रॅनाइट, त्यावर सोनेरी अक्षरांत ‘कै.’, पुढे नाव, आणि खाली ‘समाजसेवक’. माझा नवरा साकीनाक्याला पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब लिहीत होता. समाजसेवा म्हणाल तर जिन्यातले दिवे तो रोज सकाळी बंद करायचा, कारण फुकट जळणारा दिवा त्याला बघवत नसे. अनावरणाला स्थानिक पुढारी आले. शाल झाली, श्रीफळ झालं, आणि भाषणात ते म्हणाले की आपल्यातला एक दीपस्तंभ हरपला. जन्मभर दिवे बंद करत आलेल्या माणसाला दीपस्तंभ म्हटलेलं ऐकून मला हसू यायला हवं होतं. हे विनोदी आहे हे मला कळत होतं. हसू मात्र येत नव्हतं, आणि रडूही येत नव्हतं. समोरच्या रांगेतल्या बायका माझ्याकडे बघत होत्या, म्हणून मी पदर डोळ्यांना लावला.

कट्ट्यावर कोणी बसत नसे. मेलेल्या माणसाच्या नावाला पाठ टेकून बसायचं कसं, असं लोकांना वाटत असावं. कबुतरं बसत, आणि पार्सल पोचवणारी पोरं बसत. अधूनमधून कोणीतरी जास्वंदीचं फूल ठेवून जाई.

मी घरी बसून भाषांतरं करते. इंग्रजीतून मराठीत. औषधांची पत्रकं, बँकेच्या अटी, कपडे धुण्याच्या मशीनबरोबर येणारं पुस्तक. कुणी मुद्दाम वाचत नाही असं जे जे काही छापलं जातं, त्यातलं थोडंफार माझं असतं. त्या वर्षी वांद्र्याच्या काचेच्या इमारतींतल्या एका सल्लागार कंपनीने काम दिलं. राहत्या इमारतींच्या सेप्टिक टाक्या उपसणाऱ्या कंत्राटदारांसाठी मार्गदर्शक पुस्तिका. सरकारी नियम होते, ते कंत्राटदारांना समजतील अशा मराठीत आणायचे होते.

पुस्तिकेतलं सांगणं तसं साधं होतं. टाकीत माणूस उतरवायचा नाही. टाकीला बहुधा दोन कप्पे असतात आणि प्रत्येकाला झाकण असतं. दोन्ही झाकणं उघडून आतला वायू निघून जाईपर्यंत थांबायचं. जवळ विडी-सिगारेट पेटवायची नाही. तळाशी बसलेला साका घट्ट झाला असेल तर तो वरूनच बांबूने फोडायचा आणि पाइपने ओढायचा. टाकी घासून लख्ख करायची नाही, थोडा गाळ मागे ठेवायचा, कारण पुढे येणारा मैला कुजवण्याचं काम तोच करतो. उपसलेला माल नाल्यात सोडायचा नाही, ठरलेल्या केंद्रावरच न्यायचा. असं सगळं.

मसुदा पक्का करायला बैठक बोलावली. काजूच्या बशा होत्या. टाकी साफ करणाऱ्या माणसाला काय म्हणायचं यावर अर्धी बैठक गेली. कुणी ‘स्वच्छतासैनिक’ सुचवलं, कुणी ‘स्वच्छतादूत’. शेवटी एक शब्द मुखपृष्ठावर आणि दुसरा आत, अशी तोड निघाली. मी ‘मैला’ लिहिलं होतं, ते बरं दिसत नाही म्हणून ‘विष्ठाजन्य गाळ’ झालं. बरं दिसण्याचाच प्रश्न असेल तर दोन्ही सारखीच दिसतात, पण मी बोलले नाही. मला निघायचं होतं. घरी कुणी वाट बघत होतं असं नाही. नुसतं निघायचं होतं.

झाकणांबद्दल त्या बैठकीत कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि मलाही काही सुचलं नाही. आमच्याच इमारतीला टाकी आहे हे मला माहीत होतं, पण ते आपल्या पोटात पित्ताशय आहे हे माहीत असतं तसं.

कांजूरला वासाचं एक बरं आहे. कचऱ्याचं डंपिंग जवळ असल्यामुळे कुठलाही वास आला की तो तिकडचाच असतो. त्या उन्हाळ्यात वास वाढला तसे लोक बाल्कनीत उभे राहून डंपिंगच्या दिशेने बघत आणि शिव्या देत. अध्यक्षांच्या सांगण्यावरून मी वॉर्ड ऑफिसला पत्र लिहिलं, मग कडक पत्र लिहिलं, मग सह्या गोळा करून अतिशय कडक पत्र लिहिलं. तिकडून उत्तर आलं की सुगंधी फवारणी चालू आहे. वास सुगंधी असल्याचं एकदोघांना जाणवलंही. आणि एका सकाळी माझ्या संडासातलं पाणी खाली जायच्या ऐवजी वर आलं.

मी दारात उभी राहून ते बघत होते. किती वेळ ते सांगता येणार नाही. मनात एवढंच आलं की तळमजल्यावर राहणाऱ्याला सगळी इमारत आधी भेटते. मग मी दार ओढून घेतलं आणि फोन केला.

कंत्राटदार दुपारच्या आत गाडी घेऊन आला. सावंतवाडीकडचा माणूस, चाळिशीतला. आजोबा आणि वडील गिरणीत होते, ह्याने कर्ज काढून टँकर घेतला होता. केबिनमध्ये गणपतीच्या तसबिरीशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत एक पुस्तिका होती. मुखपृष्ठावर हेल्मेट घातलेला, दात अतिशय पांढरे असलेला स्वच्छतासैनिक हसत होता. मी विचारलं, वाचलीत का?

“परीक्षा होती ना, मॅडम. वाचल्याशिवाय रजिस्ट्रेशन देत नाहीत,” तो म्हणाला. “पण भाषा जरा जड आहे. कोणी लिहिली देव जाणे.”

मी म्हटलं, हो ना.

त्याच्याबरोबर एक माणूस होता. उतरत्या खांद्यांचा, गप्प, परभणीकडचा. कुणी त्याला आडनाव विचारलं नाही. या कामात ते विचारायची वेळ येत नाही, लोक ते धरून चालतात. त्याने अंगणालगतच्या बोळातलं लोखंडी झाकण पहारीने उचकटलं, पाइप सोडला, गाडीचा पंप सुरू झाला आणि दोन्ही इमारतींच्या खिडक्या एकेक करून बंद झाल्या. पहिला कप्पा रिकामा झाला. कंत्राटदाराने टॉर्च मारून आत बघितलं आणि मान हलवली.

अडचण त्याने मला समजावून सांगितली. मधल्या भिंतीला भोकं असतात, त्यांतून पाणी दुसऱ्या कप्प्यात जातं आणि तिथून बाहेर. दुसऱ्या कप्प्यात साका दगडासारखा बसला होता, भोकं बुजली होती. आज मोकळं वाटेल, पण दोन बिल्डिंगचं पाणी, उद्यापर्यंत परत तेच. दुसरं झाकण उघडून वरून फोडायला हवं.

“पण दुसरं झाकण खंय?” असं स्वतःशीच म्हणत त्याने भिंतीच्या कडेने अंदाज घेतला, चालत चालत अंगणात आला आणि माझ्या नवऱ्यासमोर उभा राहिला. वरचं नाव वाचलं. खाली बघितलं. कट्ट्याच्या बुडाशी जुन्या सिमेंटची कड दिसत होती.

“हेच्याखाली आहे,” तो म्हणाला. आवाज त्याने आपसूक खाली आणला होता.

तोवर अध्यक्ष आले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात रुमाल. दोन दिवसांनी रविवार होता आणि रविवारी पहिल्या स्मृतिदिनाचा कार्यक्रम होता, पुढारी कट्ट्याला हार घालायला येणार होते. पत्रिका माझ्याही दारात पडली होती. मी ती दप्तरात ठेवून दिली होती, इतर कागदांसारखी. कट्टा फोडावा लागेल हे ऐकून अध्यक्ष आधी कंत्राटदाराकडे आणि मग माझ्याकडे असे बघू लागले, जणू हे माझ्या कानावर पडायला नको होतं. त्यांनी त्याला बाजूला घेतलं. पण बंद खिडक्यांच्या अंगणात बाजूला घेऊन बोललेलं सगळं ऐकू येतं. पहिल्या झाकणातून माणूस उतरवला आणि भिंतीच्या भोकातून सळई मारली तर साका फुटेल की नाही, असं ते विचारत होते. कंत्राटदार म्हणाला, फुटेल, पण मनाई आहे, रजिस्ट्रेशन जाईल. अध्यक्षांनी आजूबाजूच्या सोसायट्यांची नावं घेतली. तिथले सगळे आपल्या ओळखीचे, वर्षाचं काम मिळवून देऊ. आणि गेट बंद असल्यावर बघणार कोण? कंत्राटदार थोडा वेळ गाडीच्या टायरकडे बघत राहिला. वाईट माणूस नव्हता. हप्ते चालू असलेला माणूस होता. मग म्हणाला, तसं दोन मिनिटांचंच काम आहे, पण परवानगी लेखी लागेल.

अध्यक्षांनी त्याच्या केबिनमधली पुस्तिका मागवली आणि उभ्या उभ्या चाळली. कुठलाही नियम वाचताना त्यातून निघायचं दार कुठे आहे ते आधी बघायची सवय बँकेत लागते. त्यांना ते सापडलं. ते कलम मला पाठ होतं. दुसरा कोणताच उपाय नसेल, प्राणवायूची सोय असेल, अंगाला पट्टा आणि वर ओढून घ्यायला तिपाई असेल, तर जबाबदार पदाधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने उतरता येईल. त्यांनी त्यातलं शेवटचं तेवढं वाचलं. जबाबदार पदाधिकारी म्हणजे मी.

ते वर जाऊन सोसायटीचं लेटरहेड घेऊन आले. तेवढ्या वेळात परभणीच्या माणसाला काय ठरलं ते कुणी सांगितलं नव्हतं, पण त्याला कळलं होतं. त्याने शर्ट काढला, नीट घडी केली आणि कट्ट्यावर ठेवली. पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढून तो दंडाला, पोटाला, मानेला तेल लावायला लागला. घाण अंगाला चिकटू नये म्हणून. आंघोळीआधी लावावं तसं, सावकाश, काही मनात नसल्यासारखं. मला त्याच्या चेहऱ्याची ओळख पटली. वर्षभर आरशात तोच बघत होते.

“वहिनी, एक सही,” अध्यक्ष म्हणाले. “मजकूर मी लिहिलाय.”

मी कागद वाचला. ‘सोसायटीस कोणतीही जबाबदारी राहणार नाही’ असं शेवटी होतं. वर्षभर मी समोर येईल त्यावर सही करत आले होते आणि पेन हातातच होतं.

“ऑक्सिजन कुठाय?” मी विचारलं.

“मॅडम, हेल्मेट आहे,” कंत्राटदार म्हणाला. “दोरी आहे. हा किती वर्षं उतरतोय. काय रे?”

“होईल, ताई,” तो माणूस म्हणाला. “नाक बांधून जातो.”

मी पेनाला टोपण लावलं. मोठा काही विचार केला होता असं नाही. कलमात ‘दुसरा कोणताच उपाय नसेल तर’ असं होतं आणि उपाय समोर उभा होता, संगमरवरासकट.

“कट्टा फोडा,” मी म्हटलं.

अध्यक्ष दचकले. “अहो, काय बोलताय? रविवारी स्मृतिदिन आहे. लोकांच्या भावना आहेत. तुमच्या भावना आहेत.”

“माझ्या असत्या तर मला कळल्या असत्या.”

“वहिनी, त्यांची जागा आहे ती.”

“तो तिथे नाहीये, भाऊजी. तिथे टाकी आहे.”

मग त्यांच्यातला बँकवाला सावरला. कट्टा जनरल बॉडीच्या ठरावाने बांधलाय, ते म्हणाले, तोडायचा तर ठराव लागेल, त्यासाठी नोटीस काढावी लागेल. म्हणजे दगड फोडायला सगळ्या सोसायटीची संमती हवी होती आणि माणूस उतरवायला माझी एक सही पुरत होती. मी एवढंच सांगितलं की सही मी करणार नाही, आणि फोडल्याची तक्रार कुणाला करायची असेल तर सेक्रेटरीकडे लेखी द्यावी. लेटरहेड मी घडी घालून दप्तरात ठेवलं.

कंत्राटदाराने परभणीच्या माणसाकडे बघितलं. त्याने आपला शर्ट उचलून गाडीच्या आरशाला अडकवला आणि घण आणला.

पहिला घाव पडताना मला काहीतरी होईल असं सगळ्यांना वाटत असावं, कारण दोनचार खिडक्या परत उघडल्या. मीही वाट बघत होते. काही झालं नाही. संगमरवर लवकर फुटला. खालची भर निकृष्ट होती, वाळूच जास्त. ग्रॅनाइटची पाटी मात्र अख्खी निघाली. अध्यक्षांनी ती जुन्या चादरीत गुंडाळून घेतली आणि दोन्ही हातांत धरून जिना चढून गेले. जाताना ते कुणाला तरी फोनवर सांगत होते की रविवारचा कार्यक्रम तांत्रिक कारणामुळे पुढे ढकललाय.

खाली गंजलेलं झाकण होतंच. ते निघालं आणि आम्ही तिघंही मागे सरलो. कंत्राटदार आता एकदम पुस्तिकेप्रमाणे वागू लागला. लगेच पाइप टाकायचा नाही, हवा निघू द्यायची, कोणी जवळ जायचं नाही. त्याच्या बोलण्यात माझी दोनतीन वाक्यं जशीच्या तशी आली. मग तो कोपऱ्यावर जेवायला गेला.

मी माझ्या पायरीवर बसले. परभणीचा माणूस थोड्या अंतरावर, सावलीत, उकिडवा बसला. अंगावरचं तेल उन्हात चमकत होतं. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, ते नाव कुणाचं होतं?

“माझ्या मिस्टरांचं.”

तो उठून उभाच राहिला. “मग आधी सांगायचं ना, ताई. मी त्यांच्यावर शर्ट ठेवला.”

राहू दे, मी म्हटलं. तो परत बसला. काय झालं होतं, असं त्याने विचारलं, आणि मी सांगितलं की ऑफिसमध्ये खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. बसल्या बसल्या म्हणजे बरंच झालं म्हणायचं, तो म्हणाला. वर्षभरात पुष्कळ लोकांनी पुष्कळ काही सांगून माझी समजूत घातली होती. हा समजूत घालत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याच्या कामात माणसं कशी जातात हे त्याने पाहिलेलं असणार, आणि त्याबद्दल मी विचारलं नाही. त्याच्या मुलीची शाळा विक्रोळीला होती, तिथे संध्याकाळी पालकांना बोलावलं होतं, एवढं मात्र त्याने आपण होऊन सांगितलं. वेळेत पोचलो तर बरं, म्हणाला.

कंत्राटदार आल्यावर त्यांनी वरूनच पाणी मारलं, बांबूने साका फोडला. खूप वेळ लागला. दोन मिनिटांत होणारं ते काम नव्हतं. आत उतरलेल्या माणसाला त्यात किती वेळ लागला असता आणि तो त्यातला किती वेळ शुद्धीवर राहिला असता, हे मला पुस्तिकेमुळे माहीत होतं. शेवटी पाइपने ओढ घेतली. माझ्या न्हाणीघरात घशात अडकलेलं काही गिळल्यासारखा आवाज झाला आणि पाणी गेलं. थोडा गाळ मागे ठेवलाय, कंत्राटदार म्हणाला, पुस्तकात आहे तसं. गाडी तो केंद्रावरच नेणार होता. तेही पुस्तकात आहे.

परभणीच्या माणसाने तेल काढायला साबण मागितला. मी दिला. अंगणातल्या नळावर त्याने हात, मान, पोट चोळून चोळून धुतलं, साबण परत आणून पायरीवर ठेवला आणि शर्ट घातला. फुटक्या कट्ट्याकडे बघत त्याने विचारलं, “इथं परत बांधणार का?”

“नाही.”

“मग पुढच्या वेळी सोपं जाईल,” तो म्हणाला आणि गाडीत चढला.